सड्यावरच्या दोन रेघा

सूर्य मावळतीकडे कलला होता आणि शर्वाणीच्या हातातल्या होकायंत्राचा काटा सरळ सूर्याकडेच उत्तर दाखवत होता. सूर्य उत्तरेला मावळत नाही, एवढं बारा वर्षांच्या शर्वाणीला नक्की ठाऊक होतं. मग काटा खोटं का बोलत होता?

२०६१ सालचा तो मे महिना. तिची विजयाआत्या भूशास्त्रज्ञ (खडक आणि जमिनीचा अभ्यास करणारी) होती. कासारसड्याच्या विस्तीर्ण पठारावर खडकांचे नमुने गोळा करायला ती शर्वाणीला घेऊन आली होती. सोबत पांथ नावाचा चार पायांचा रोबो होता. तो सामान वाहायचा आणि वाट दाखवायचा.

दुपारी सौरवादळ (सूर्यावरून उसळणारा विद्युतभारित कणांचा लोंढा) आलं. उपग्रह गप्प झाले, फोन मुके झाले. त्यातच आत्याचा पाय खडकांच्या फटीत अडकून मोडला. पाणी संपत आलं होतं. वनचौकी जवळच होती, पण कुठल्या बाजूला, हे पांथला सांगता येईना.

त्यानं नियम ऐकवला: उपग्रहांचे संदेश पुन्हा येईपर्यंत इथेच थांबायचं आणि मुलांनी त्याच्यापासून दूर जायचं नाही. आत्यानं निघायची परवानगी देऊन पाहिली. जखमी माणसाचा हुकूम आपल्याला मानता येत नाही, असं तो म्हणाला.

वादळानंच काटा बिघडवला असेल, असं शर्वाणीला वाटलं. आत्यानं कळ सोसत मान हलवली. वादळानं काटा जेमतेम थरथरतो, एवढा वळत नाही. पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे, पण काट्यापर्यंत पोचणारी त्याची ओढ अगदी हलकी असते. अगदी जवळ दुसरा चुंबक असला, की काटा त्याचंच ऐकतो.

दुसरा चुंबक? शर्वाणीनं आजूबाजूला पाहिलं. पांथच्या चारही पायांत मोटारी होत्या, आणि मोटारींत चुंबक असतात.

आत्याचा कागदी नकाशा उचलून ती समोरच्या उंचवट्याकडे निघाली.

"थांब. नियमाचा भंग होतो आहे," पांथ म्हणाला.

"होऊ दे," शर्वाणी म्हणाली आणि चालत राहिली. जखमी आत्याला सोडून पांथला तिच्यामागे येता येईना.

उंचवट्यावर काटा हळूहळू वळून स्थिरावला. उत्तरेकडे तोंड केल्यावर सूर्य आता तिच्या डाव्या हाताला होता. खालून आत्या सांगत गेली, तसं तिनं नकाशावरची दोन शिखरं समोर ओळखली. घोणसुळका चाळीस अंशांच्या दिशाकोनावर (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेला कोन) होता. सुळका आपल्यापासून चाळीस अंशांवर, म्हणजे सुळक्यापासून आपण नेमके उलट दिशेला. तिनं नकाशावर सुळक्यापासून तशी उलटी रेघ ओढली. आपण या रेघेवर कुठेतरी आहोत, एवढं कळलं. पण कुठे? मग तिनं तळपीच्या डोंगराचा कोन मोजून त्याच्यापासून तशीच दुसरी रेघ ओढली. दोन्ही रेघांवर असलेलं ठिकाण एकच होतं, जिथे त्या एकमेकींना छेदत होत्या.

तिथून वनचौकी आग्नेयेला, एका टेकाडापलीकडे होती.

तिनं परत येऊन पांथला नकाशा दाखवला.

"हे ठिकाण मला उपग्रहानं सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"नाही. ते मी काढलंय. आत्याला उचल आणि माझ्यामागे ये."

उत्तराची वाट न पाहता ती निघाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मुलाला एकटं सोडायचं नाही आणि जखमी माणसालाही सोडायचं नाही, हे थांबण्याच्या नियमाहून वरचे दोन्ही नियम पाळायला पांथपुढे एकच मार्ग उरला. थोड्याच वेळात मागून त्याच्या पावलांचा आवाज आला. अधूनमधून त्याच्यापासून बरंच पुढे जाऊन ती काटा पाहायची. अंधार पडण्याआधी चौकीचं लाल छप्पर दिसलं, आणि आत्याच्या पायाला फळ्या बांधल्या गेल्या.

दोन दिवसांनी फोन सुरू झाले. रोबो बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यानं शर्वाणीला नियम मोडल्याबद्दल खडसावलं.

"हो, मोडला," ती म्हणाली. "अशी वेळ आली तर पुन्हा मोडीन. त्यापेक्षा तुम्ही नियमच बदला."

तेव्हा तो म्हणाला, की नियम बदलायचा तर तिनं आपलं ठिकाण कसं काढलं, हे त्याला सविस्तर ऐकायचं आहे.