थांबलेले टाळकरी

"मेलेल्या नाहीत त्या!" शलाका भट्टीच्या दारात आडवी उभी राहिली. "खबरदार पेटी पुढे आणलीस तर!"

चंद्रवसाहतीतल्या कीटकघरात तपासू नावाचा यंत्रमानव काचेची पेटी घेऊन थबकला. पेटीत शलाकाने वाढवलेल्या फळमाश्या निपचित पडल्या होत्या. चंद्रावर जन्मलेल्या तेवढ्याच. जळाल्या की संपलं.

"खोलीत उष्मा झाला," तपासू म्हणाला. "यांच्या पेशींच्या केंद्रकात (पेशीचा कारभार जिथून चालतो तो गाभा) प्रथिनांच्या गुठळ्या दिसतात. गुठळ्या म्हणजे पेशी नासली. नासलेलं जाळायचं, असा नियम आहे."

"आणि उष्मा कुणामुळे झाला? तुझ्या बॅटऱ्या तापल्या म्हणून इथला गारवा तूच तिकडे वळवलास ना! चूक तुझी आणि भट्टी यांना?"

आरडाओरडा ऐकून शलाकाची आजी आली. यमुनाआजींचं आयुष्य कीटकांच्या पेशी अभ्यासण्यात गेलं होतं आणि दर एकादशीला त्या वसाहतीच्या भोजनगृहात कीर्तन करत.

"आधी गारवा सुरू कर रे मेल्या!" त्या तपासूवर कडाडल्या. मग माशी न कापता पेशी दाखवणारा सूक्ष्मदर्शक त्यांनी पेटीवर धरला. पडद्यावर केंद्रक उमटलं. त्यात चमकते ठिपके एका जागी गोळा झाले होते.

"शलाके, मागच्या एकादशीला दिवे गेले तेव्हा तुम्ही टाळकऱ्यांनी काय केलंत?"

"विणेकरी काकांभोवती गोळा झालो. टाळ छातीशी धरून गप्प. अंधारात ज्याने त्याने वाजवलं असतं तर तालाचा चुथडाच झाला असता!"

"आणि काका काय करत होते?"

"काही नाही. वीणा घेऊन नुसते उभे."

"हे तसंच आहे बघ. डीएनए ही मूळ पोथी. तिची कामापुरती नक्कल म्हणजे आरएनए. नकलेत नको त्या ओळीही उतरतात. त्या कापून हव्या तेवढ्या जोडायला आरएनएला चिकटणारी प्रथिनं मदत करतात. हे आपले टाळकरी. उष्मा वाढला की बहुतेक नकला थांबतात. मग ही मोकळी प्रथिनं भलतीकडे चिकटली तर घोटाळाच! फळमाशीत ओमेगा नावाचा एक आरएनए असतो. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही, पण उष्म्यात तो या सगळ्यांना आपल्याभोवती धरून ठेवतो."

"म्हणजे हा विणेकरी! आणि हे डबडं त्याला नासलेलं म्हणतं!" शलाकाचे कान लाल झाले. "पण आजी, उठतील ना गं?"

"सगळ्याच उठतील असं नाही सांगत, बाळा. गारवा आपण दिला. पुढचं पांडुरंगावर."

बऱ्याच वेळाने पडद्यावरचा पुंजका सैल झाला. ठिपके केंद्रकभर पांगले, कामाला लागले. पेटीत एक पाय हलला. मग पंख. मग भुणभुण!

काही माश्या मात्र तशाच राहिल्या. शलाकाने पेटी तपासूच्या डोळ्यांसमोर धरली. "या तुझ्या बॅटऱ्यांपायी गेल्या. नीट बघ."

तपासूने बराच वेळ पाहिलं. "नियम बदलला," तो म्हणाला. "गुठळ्या दिसल्या तर आधी गारवा. मग वाट पाहणे."

"ताप सोसून पुन्हा कामाला कसं लागायचं, ते या माश्यांकडून शिकू," आजी म्हणाल्या. "पुढे मंगळावर जाणाऱ्या माणसांना उपयोगी पडेल."

"एकादशीला मीही टाळ वाजवू का?" तपासूने हळूच विचारलं.

शलाका अजून धुमसतच होती. "आधी गप्प उभं राहायला शीक," ती म्हणाली. "मग देईन."