जयसिंगपूरचा पत्ता

विमलामावशीनं हे मला एकदाच सांगितलं, दिवे गेले होते तेव्हा. दिवे आल्यावर ती पुन्हा त्यावर बोलली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली तिच्या घरी फोन बसला. तिचे यजमान, यज्ञेश्वरकाका, कॉलेजात हेडक्लार्क होते. कोल्हापुरातल्या त्यांच्या बोळात दुसरा फोन नव्हता, त्यामुळे साऱ्या बोळाचे निरोप मावशीच घ्यायची. कुणाची लेक बाळंत झाली, कुणाची एसटी चुकली. तिला ते आवडायचंही.

भिंतीला भिंत लागून दिलदार राहायचा. त्याची बायको सुगरा. एका खाजगी फायनान्सवाल्याकडून कर्ज काढून त्यानं रिक्षा घेतली होती आणि कागदावर शेजारचा म्हणून मावशीचा नंबर दिला होता. पुढं त्याला कावीळ झाली, रिक्षा दारात उभी राहिली, हप्ते थकले. मग फोन सुरू झाले.

माणूस एकच. पण कधी म्हणायचा कोर्टातून बोलतोय, कधी पोलीस ठाण्यातून. आवाज जाडा, गालात पान धरल्यासारखा. आधी नुसतंच, "दिलदारला बोलवा." मग, "बाई, लपवताय व्हय त्याला?" मग काहीच नाही, नुसता श्वास. घंटा वाजली की मावशीच्या हातातली भाजीची जुडी खाली पडायची.

थोडं हिंडता यायला लागल्यावर दिलदार रिक्षा घेऊन जयसिंगपूरला बहिणीकडं जाऊन राहिला. जाताना मावशीला म्हणाला, "ताई, कुणाला सांगू नकासा. बरा झालो की सगळं फेडतो."

"नाही सांगत," मावशी म्हणाली.

आणि एका दुपारी तो आवाज म्हणाला, "उद्या तुमच्या साहेबांच्या कॉलेजात येतो. पोरांम्होरं कॉलर धरतो. चालंल?"

मावशीनं पत्ता सांगितला. गल्लीसकट, दारातल्या लिंबासकट.

त्याच आठवड्यात बातमी आली. दारात फायनान्सची माणसं बघून दिलदार मागच्या बाजूनं रिक्षा काढून सांगलीच्या रस्त्याला सुटला होता. अंकलीच्या पुलावरून रिक्षा कृष्णेत गेली. दिलदार वाचला नाही.

मावशीनं सुगराला पोटाशी धरलं, रोज तिच्याकडं भात-आमटी पोचवली. पण सांगायचं ते राहिलं. रोज सकाळी ती ठरवायची, आणि सुगराचं तोंड दिसलं की भांडं ठेवून परत यायची. फोन आता येत नव्हते. ती शांतता तिला जास्त खायची.

पावसाळा सरला. एका संध्याकाळी दारात एक माणूस उभा राहिला. चांगल्या घरातला, पण दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्यानं तोंड उघडलं आणि मावशीनं चौकट धरली. तोच आवाज.

"मी गणपतराव. फायनान्सचा." तो आत आला नाही. "बाई... तुमच्या घरातनं मला फोन येतोय."

"मी कशाला करीन तुम्हाला?"

"तुम्ही न्हाय... तो."

मावशीनं मागं वळून फोनकडं पाहिलं.

"रोज दिवेलागणीला. शिवी न्हाय, रडणं न्हाय. एवढंच इचारतोय... साहेब, पत्ता कुणी दिला?"

"कुणीतरी चेष्टा करत असेल."

"मलाबी तसंच वाटलं. पर त्याच्या मागनं तुमचा आवाज येतोय, बाई. रामरक्षा म्हणत असताय. मधीच कुकराची शिट्टी..."

मावशी रोज त्या वेळी स्वयंपाकघरात असायची. फोन बाहेरच्या खोलीत. मध्ये नुसता पडदा.

"तुम्ही... काय सांगितलंत त्याला?"

"अजून काय न्हाय. आज सांगणार हाय. मला झोप न्हाय, बाई. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं."

तो बोळाच्या टोकाला जाईपर्यंत मावशी उभी होती. मग पायांत चपलाही न घालता ती सुगराकडं गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सुगरा चुलीपुढं बसली होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्या माणसांनी जयसिंगपुरात दारातच तुमचं नाव घेतलं. नणंदेनं ऐकलं. त्यांनीबी ऐकलं."

"दिलदारनं?"

"व्हय."

मावशीला वाटलं होतं ती ओरडेल, अंगावर धावून येईल. सुगरानं फक्त विचारलं, "च्या घेणार काय?"

"मग... तो अजून विचारतो कशाला?"

सुगरानं फुंकणी उचलून चुलीत पुन्हा फुंकर घातली.

काकांनी मावशीच्या हट्टापायी फोन परत केला. सकाळी माणूस आला, वायर कापली, डबा पिशवीत घालून घेऊन गेला. त्या दिवशी दिवेलागणीला मावशी स्वयंपाकघरात गप्प बसली होती. रामरक्षासुद्धा म्हणाली नाही. कडी वाजली. दारात सुगरा, हात ओले, धाप लागलेली.

"कुठं हाय फोन?"

"नेला. सकाळीच."

"आसं कसं? आत्ता हाक मारलासा की मला. खिडकीतनं... म्हणालासा, सुगरा, लवकर ये, दिलदार बोलतोय."

"मी नाही गं..."

सुगरा तिच्या खांद्यावरून आतल्या अंधाऱ्या खोलीकडं बघत होती. तिनं मान किंचित कलती केली.

"मग हे कोण?" ती हळूच म्हणाली. "अजून तुम्हीच बोलताय की आत..."

मावशीनं कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही. सुगरा मात्र ऐकत होती, आणि मधूनमधून मान हलवत होती.