सुनंदाची जागा

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. कुणी सांगायला लागलं की मला आधी हसू येतं. पण ही गोष्ट माझ्या वडिलांच्या बाबतीत घडली, आणि तिच्यातला शेवटचा भाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

त्यामुळे हिच्यावर मला हसता येत नाही.

साल एकोणीसशे एकतीस. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सकाळ. ठिकाण, धुळ्याजवळचं पांझरेकाठचं एक गाव.

माझे वडील पितांबर. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. धुळ्यात त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. त्या काळी खेड्यातली माणसं कॅमेऱ्यासमोर उभी राहायला घाबरायची. फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची. नाना कधी त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. ते नुसते जात राहिले. लग्नाला जायचे, बारशाला जायचे, मयतीला खांदा द्यायचे. कुणाची सून कुठली, कुणाचा जावई कुठे नोकरीला, सगळं तोंडपाठ. आई वैतागून म्हणायची, "यांना घरातल्या पोरांच्या इयत्ता आठवत नाहीत, पण गावच्या म्हशी नावानं ठाऊक."

आणि नानांची एक खास रीत होती. जागा ठेवायची.

घरातलं कुणी हजर नसेल, पलटणीत असेल, सासरी असेल, तर घरच्यांच्या फोटोत नाना त्याची जागा मोकळी सोडायचे. मग पुढे तो माणूस जिथे असेल तिथे जाऊन त्याचा फोटो काढायचे, कापून त्या जागी चिकटवायचे आणि सगळ्याचा मिळून पुन्हा एक फोटो घ्यायचे. नीट बघितलं तरी सांधा दिसायचा नाही. पितांबरभाऊ कुणालाच वगळत नाही, असं गावोगाव बोललं जाऊ लागलं. नानांचं दुकान चाललं ते या एका गोष्टीवर.

त्या आखाजीला त्या गावच्या झुलालआबांच्या घरचा फोटो होता. गावातल्या माहेरवाशिणी आल्या होत्या. निंबाला झोके बांधलेले. फक्त आबांची लेक सुनंदा आली नव्हती. तिला पहूरला दिलेली, पोटुशी होती. धाकटा भाऊ वना तिला आणायला गेला होता, तोही परतला नव्हता.

सुनंदाचा एकसुद्धा फोटो नव्हता. लग्नात काढायचा राहून गेला होता. तिची आई भिकुबाई मागच्या आखाजीपासून नानांच्या मागे लागली होती.

"भाऊ, मनी सुनंदानी जागा ठेवजो," ती म्हणाली. "मनाजोडेच ठेव. वना लेवाले गयेल शे. ती यीच."

नानांनी तिच्या उजव्या हाताला जागा सोडली. तिथे एक स्टूल ठेवलं. कॅमेरा नीट जुळवायला अंदाज यावा म्हणून ते सहज म्हणाले, "त्यावर काहीतरी ठेवा हो, माणसाच्या उंचीचा अंदाज येईल."

घाईत घरातल्या कुणीतरी हाताला आलं ते आणून ठेवलं...

पितरांची घागर.

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात. तीच घागर. सुनंदाच्या जागेवर.

 आबांची म्हातारी बहीण तानुबाई पुढे आली. "उचला ती आठेन," ती हळूच म्हणाली. "पितरसनी शे ती."

घागर उचलली. स्टुलावर पाण्याचं ओलं कडं राहिलं. भिकुबाईनं ते पदरानं पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं.

नाना कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरले.

आत अंधार. बाहेर सगळे श्वास रोखून उभे. आणि नानांना काकणं वाजलेली ऐकू आली...

अगदी हळू. उशीर झालेलं माणूस धावत येऊन रांगेत उभं राहतं ना, तशी.

त्यांनी कापडातून डोकं बाहेर काढलं. जागा रिकामीच होती. भिकुबाई मात्र त्या बाजूला किंचित वळून हसत होती.

नानांनी फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी ते एका लग्नाच्या कामाला जळगावला, मेहरूणला गेले. वना अजून आलेला नव्हता. सुनंदाला पाठवलं नसेल, असंच सगळ्यांनी धरलं. निघताना नाना भिकुबाईला म्हणाले होते, "तसाच पुढे पहूरला जातो अक्का. तिचा फोटो घेऊनच येतो."

त्याच दिवशी वना पहूरहून निघाला होता. कुठल्यातरी स्टेशनात त्या दोघांच्या गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. नानांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं.

लग्न आटोपून नाना पाचोऱ्याहून छोट्या रुळांवरच्या गाडीनं पहूरला उतरले. टळटळीत दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सुनंदाच्या सासरचं दार लोटलेलं.

ओट्यावर सुनंदा बसली होती.

हिरवं लुगडं. कपाळभर कुंकू. केस ओले, नुकतीच न्हाली असावी तसे...

नानांनी तिला परकरात असल्यापासून पाहिलेली. त्यांना बरं वाटलं. अजून सणाचीच नटलेली आहे, असं वाटलं त्यांना. मी हे ऐकताना दर वेळी मनात म्हणायची, नाना, अहो नाना, मळवट भरलेला दिसत होता ना तुम्हाला? पण समोर बसलेल्या ओळखीच्या पोरीबद्दल असं कुणाच्या मनात येतं?

"आईनं पाठवलंय," नाना म्हणाले. "तुझा फोटो घ्यायचाय."

 तिनं एकच विचारलं.

"मायनी मनी जागा ठेवी ना, भाऊ?"

"ठेवली आहे. तिच्या शेजारीच."

तिनं मान हलवली आणि स्थिर बसली. नाना सांगायचे, "जन्मभर मी लोकांना हलू नका, हलू नका म्हणत आलो. तिला सांगावंच लागलं नाही. पापणीसुद्धा हलली नाही."

फोटो झाला. त्या काळी फोटो काचेवर उतरायचा; नाना ती काच काढून पेटीत ठेवायला वाकले. तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. बेबाबाई तिचं नाव.

"कोणाशी बोलून राह्यले भाऊ?"

नानांनी मागे पाहिलं. ओटा रिकामा.

"घरात कोणी नाही," म्हातारी म्हणाली. "सगळे नदीवर गेले. सुनंदाची राख सावडाले."

आखाजीच्या दिवशी, सकाळचं ऊन अंगणात आलं तेव्हा ती गेली होती. बाळंतपणात अडली होती. मूलही राहिलं नाही. वनाच्या समोरच गेली. सवाष्ण म्हणून तिला न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून नेलं होतं.

नाना ओट्यावर बसले आणि रडले. परक्या गावात, परक्या ओट्यावर, लहान मुलासारखे.

धुळ्याला येऊन त्यांनी ती काच औषधात धुतली. ओटा आला. लोटलेलं दार आलं. ओट्यावर कुणी नव्हतं...

आखाजीचा फोटो घेऊन ते गावी गेले. वना एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. भिकुबाईनं फोटोकडे बघितलंच नाही, आधी नानांच्या हाताकडे बघितलं, दुसरा फोटो आहे का म्हणून.

नानांनी मान हलवून नाही म्हटलं.

"तिनं तोंड मी इसरी जासू, भाऊ," ती म्हणाली.

लेकीचा चेहरा धरून ठेवायला तिच्याकडे एकही फोटो नव्हता. 

मग तिनं फोटो जवळ घेतला. बराच वेळ बघत राहिली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. तेव्हा नानांना पहिल्यांदा दिसलं...

भिकुबाईचा पदर.

त्या सकाळी वाऱ्याची झुळूकही नव्हती. पण पदराचं टोक रिकाम्या जागेकडे ओढलेलं होतं. हवेत. कुणीतरी मुठीत घट्ट धरावं तसं चुरगळलेलं.

"माले ओढ लागनी व्हती," ती म्हणाली. "मी म्हनं, कोनं तरी पोर शे." मग त्या चुरगळलेल्या टोकावरून अंगठा फिरवत राहिली. "धाकली व्हती तवय अशीच धरे."

नानांनी त्यानंतर कुणाच्याही फोटोत जागा ठेवली नाही. लोक विनवायचे, रुसायचे, दुसऱ्या फोटोग्राफरकडे जायचे. नाना जाऊ द्यायचे. भिकुबाईकडे जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. दर आखाजीला जायचे, तिच्याजवळ बसून यायचे. ती फोटो मांडीवर घेऊन बसलेली असायची.

त्या फोटोची एक प्रत आमच्या दुकानात आतल्या भिंतीवर होती. मी तिच्याखाली बसून अभ्यास केला आहे. तो चुरगळलेला पदर मी लहानपणापासून रोज पाहिला आहे. माझ्या भावांनी पाहिला आहे.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात भिकुबाई वारली. नाना मयतीहून आले, आंघोळ केली आणि दुकानात गेले. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता.

मी गेले. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

पदर सरळ खाली आला होता...

एक सुरकुती नाही. नानांनी जुनी काच काढून उजेडात धरली. काचेवरही तेच.

"सोडला गं तिनं पदर," नाना म्हणाले. "आई आली ना तिच्याकडे." आणि त्यांनी डोळे पुसले.

नाना त्या समजुतीवर शांतपणे गेले. फोटो आता माझ्याकडे आहे. आखाजीला मी घागर भरते, त्यात या दोघींचंही नाव घेते, आणि मग तो फोटो काढून बघते.

दोघी भेटल्या असतील, तर बरंच आहे. पण मग त्या स्टुलावर सुनंदा दिसायला हवी होती; नाहीतर पदर सोडून ती गेली कुठे, असं मला दर वर्षी वाटतं. भिकुबाई अजून तशीच उजवीकडे वळून हसते आहे.

आणि जागा अजून रिकामीच आहे.