गुरुवारची चिठ्ठी, मंगळवारी

नांदेडहून लातूर रस्त्यानं नव्वद मैल, सरळ आभाळातून सत्तर. मोटारीला नऊ तास लागतात, कबुतराला पावणेदोन. ऐकीव सांगत नाही; मी सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, गणित शिकवतो, तीनदा घड्याळ लावून मोजलंय. गल्ली हसली तर हसू दे.

फसली तेराशे पन्नासला, म्हणजे इंग्रजी चाळीस-एक्केचाळीस साली, माझी बायको गोदावरी बाळंतपणाला माहेरी, लातूरला गेली. पहिलंच बाळंतपण. डाक लई रेंगाळायची, म्हणून माझं निळं कबूतर टोपलीत घालून मेव्हण्याच्या, रेणुकादासच्या हवाली केलं. बाळ झालं की चिठ्ठी बांधून सोडायचं, एवढंच ठरलं.

मंगळवारी चारच्या सुमाराला कबूतर गच्चीवर उतरलं. मला हसूच फुटलं. पेढे की बर्फी, एवढंच आता कळायचं होतं. त्याला खुराड्यात घालून चिठ्ठी उघडली. अक्षर रेणुकादासचंच.

"गुरुवार. उजाडता मुलगी झाली. रक्त थांबेना. सातला गोदा गेली."

चिठ्ठी उजेडात धरली. मग पुन्हा वाचलं. गुरुवार? अहो, आज तर मंगळवार! मागचा गुरुवार म्हणावा, तर गोदानं शनिवारी स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र माझ्या खिशात होतं. हिशेब कुठूनही मांडला तरी जुळेना. कामाचे आकडे दोनच होते. गुरुवार उजाडायला दीड दिवस, आणि मोटारीला नऊ तास.

दवाखान्यातली नर्स गौरम्मा देगलूरची, मोठी फटकळ बाई. तिला चिठ्ठी दाखवायची हिंमत झाली नाही. "लातूरला चला, माझ्या बायकोला वाचवा," एवढंच म्हणालो.

"कळा सुरू झाल्या का?"

"नाही."

"मग येड लागलं का मास्तर?" म्हणाली, पण सकाळच्या मोटारीला पेटी घेऊन हजर झाली.

बुधवारी सांजेला पोचलो. गोदा ओसरीवर पेरू खात बसली होती. "अगं बाई! शाळा बुडवून आलात?" ती हसायला लागली. मला मात्र रडू आवरेना.

रेणुकादासला बाजूला घेतलं. "कबूतर कधी सोडलंस?"

"सोडलं कुठं, दाजी? हे काय."

टोपलीत माझंच कबूतर होतं. डाव्या पायाचं मधलं नख तुटलेलं. नांदेडच्या खुराड्यात कालच कोंडलं, त्याचंही हेच नख तुटलेलं.

मी चिठ्ठी खिशातून काढलीच नाही.

गुरुवारी उजाडता मुलगी झाली. रक्त थांबेना.

गौरम्मानं सगळ्यांना बाहेर काढलं.

सातचे ठोके पडले. एकेक मोजला.

दार उघडलं. "थांबलं," गौरम्मा म्हणाली. "पाणी मागून राहिली."

रेणुकादासनं "मुलगी झाली, दोघी खुशाल" असं लिहून कबूतर सोडलं. ते पावणेदोन तासांत पोचलं असणार.

आता मुलगी चार वर्षांची आहे. घर भरलेलं आहे, आणि खरं सांगतो, मी सुखात आहे. खुराड्यात दोन निळी कबुतरं आहेत. सकाळी गोदा अंगणात दाणे टाकते, तेव्हा एक तिच्या तळहातावर येऊन बसतं. दुसरं, ती चिठ्ठी आणलेलं, तिच्या पावलांजवळून चालत जातं, दाण्याला शिवत नाही. उंबऱ्यापाशी थांबतं आणि आत बघत गोदाची वाट पाहतं.