उशीजवळचा लाल डाग

घडलं तसं सांगतेय. पटत नसेल त्याने इथेच थांबावं. मला कोणाला पटवायचं नाहीये.

गेल्या एप्रिलमधली भर दुपार. भांडुपचं आमचं वन बीएचके. आतल्या खोलीत माझी अडीच वर्षांची ऋता झोपलेली. मी बाहेर लॅपटॉपवर.

मी वेबसाइट तपासते. पान नीट दिसतंय की नाही, हे एक प्रोग्रॅम बघतो. तो पानाचा फोटो काढतो, आधीच्या मंजूर फोटोवर ठेवतो आणि फरक असेल तिथे लाल रंग भरतो. फरक चालणार असेल तर आम्ही ‘अप्रूव्ह’ दाबतो. मग नवा फोटो तोच बरोबर. जुना गेला.

आणि खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा आम्ही न बघताच दाबतो.

साइट एका पाळणाघराची होती. नमुन्याला फोटो हवा होता, म्हणून मी झोपलेल्या ऋताचा टाकला. हाताशी तोच होता.

त्या दुपारी टेस्ट फेल झाली.

बटणं ठीक. अक्षरं ठीक. लाल डाग होता... ऋताच्या उशीजवळ.

फोटो तर तोच होता! फाइलला कोणी हातही लावला नव्हता.

मी आमच्या टीम लीडला, अस्मिताला फोन केला.

“अगं, रंग होतात जरा इकडेतिकडे. दाब ना अप्रूव्ह.”

“पण फोटोत फरक कसा पडेल?”

“यार, आई झाल्यापासून तुला सगळीकडे काहीतरी दिसतं. संध्याकाळी साइट लाइव्ह जायचीय!”

मी दाबलं.

टेस्ट पुन्हा चालवली. पुन्हा लाल. मोठं करून पाहिलं...

उशीच्या कडेवर बोटं होती. मोठ्या माणसाची. लांब, काळपट.

मूळ फाइल उघडली. तिच्यात ती बोटं नव्हतीच.

फोन अजून चालूच होता. “अस्मिता, ऋताजवळ कोणीतरी आहे गं.”

“वाट लावणारेस तू माझी. सोड, मीच करते.”

“नको! दाबू नकोस...”

तिने दाबलं होतं.

मी मंजूर झालेला फोटो उघडला.

गादी रिकामी होती. ऋता नव्हतीच. फक्त ती बोटं... आता उशीच्या मधोमध.

टेस्ट आपोआप चालली. या वेळी लाल रंग ऋताच्या अख्ख्या अंगावर. डोक्यापासून पायापर्यंत.

मशीनच्या लेखी आता ऋताच चूक होती.

आणि आतल्या पंख्याचा आवाज बंद झाला...

मी धावले.

ऋता भिंतीला चिकटून झोपली होती, अंग चोरून. तिच्या जागेवरची उशी खोल दबलेली. हात लावला तर थंडगार.

वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता.

आवाजच नव्हता.

तिला उचललं आणि अनवाणी जिने उतरले.

नवऱ्याने, प्रबुद्धने, त्याच दिवशी तो फोटो साइटवरून काढायला लावला. मी नोकरी सोडली. आम्ही त्या खोलीत झोपत नाही.

आज दुपारी अस्मिताचा मेसेज आला.

“तुझ्या मुलीचा फोटो परत कोणी टाकला? टेस्ट लाल दाखवतेय.”

मी लिहिलं, “कोणालाही अप्रूव्ह दाबू देऊ नकोस. पाया पडते.”

अजून उत्तर नाही. टीम मोठी आहे. आणि संध्याकाळी सगळ्यांनाच निघायची घाई असते.

ऋता माझ्या मांडीवर झोपलीय. मी तिला घट्ट धरलंय.

मघापासून ती फार हलकी लागतेय...