टर्बो जागा होईपर्यंत

पुलाच्या चढावर गाड्या खोळंबल्या होत्या. वरून पाऊस इतका हलका भुरभुरत होता की तो पडतोय की नुसता तरंगतोय, तेच कळेना. ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या गाडीत सिस्टर स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या. सिस्टर म्हणजे इस्पितळातून नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्स. उभ्या जन्मात इंजेक्शन देताना त्यांचा हात थरथरला नव्हता, पण क्लच सोडायची वेळ आली की पाय लटपटायचे. शेजारी ती बसली होती. ती आपल्या आत्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची एकुलती एक शिक्षिका, आणि तिच्याही पायाखाली एक जादा ब्रेक होता. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी ती डोळे मिटून एवढंच म्हणायची, "देवा, आज सगळ्यांचे पाय जिथल्या तिथे पडू देत." देव बहुधा ऐकायचा.

त्या दिवशी मात्र त्याच्या मनात काही वेगळंच असावं.

तिचं लक्ष आरशाकडे गेलं. मागे एक चिमुकली, नवीकोरी गाडी होती आणि आत एक जण गात होता. काचा बंद, त्यामुळे आवाज नाही... नुसते हलणारे ओठ, वर उचललेली हनुवटी आणि स्टिअरिंगवर ठेका धरणारी बोटं. ऐकायला कोणी नसताना इतकं जीव ओतून गाणारा माणूस तिनं कधी पाहिला नव्हता. ती बघतच राहिली.

सिग्नल सुटला. सिस्टरनी ब्रेक सोडला, क्लच मात्र दाबूनच ठेवला. गाडी मागे घरंगळली आणि आजवर कधी न चुकलेला तिचा पाय पापणी लवण्याइतका उशिरा पडला.

टक्.

तो उतरला, वाकला, रुमालानं बंपर पुसला.

"माझी चूक हो," सिस्टर रडकुंडीला आल्या.

"नाही, माझी," ती म्हणाली.

"भांडू नका. ओरखडाही नाही. तुमच्या गाडीनं माझ्या गाडीला नमस्कार केलाय फक्त." मग तो तिच्या खिडकीशी आला. "तुमच्या पायाखाली ब्रेक असतो ना?"

"असतो."

"मग?"

"तुम्ही... तुम्ही एवढं काय गात होतात?"

"म्हणजे तुम्ही आरशात —"

मागच्या बसनं जोरात भोंगा वाजवला. देवच पावला म्हणायचा! पण निघता निघता त्यानं जुन्या गाडीच्या धुराकडे पाहिलं. "हिचे दिवस भरलेत बाई. पुलाच्या पायथ्याशी शोरूम आहे, तिथे टेस्ट ड्राइव्ह मीच देतो. या कधी. ही नवी चालवून बघा."

"ही? इंजिन केवढंसं हिचं! मिक्सरला बसवा."

"मिक्सरला टर्बो नसतो," तो हसून म्हणाला आणि पावसात भिजलेल्या केसांनिशी परत गाडीत जाऊन बसला. त्याच दिवशी सिस्टरनी त्याचं नाव टर्बो पाडलं.

*

नवी गाडी घ्यायची होतीच. आत्यानं अर्ध्या शहराला गाडी शिकवली होती. आता तिचे गुडघे जुन्या गाडीचा जड क्लच सोसत नव्हते, म्हणून ती घरी बसून फोन घ्यायची आणि भाचीवर लक्ष ठेवायची.

"गाडी तू निवड," आत्या म्हणाली होती. "पण एक ध्यानात ठेव. आपण गाडी आपल्यासाठी घेत नाही. ज्याला अजून काहीच येत नाही, त्याच्यासाठी घेतो."

पहिल्या टेस्ट ड्राइव्हला ती शिक्षिकेच्या थाटातच बसली. पहिला गिअर, दुसरा, लगेच तिसरा. रोज शिकवते तसंच, इंजिनला त्रास न देता. पुलाचा चढ लागला आणि चिमुकली गाडी उसासा टाकून मंदावली.

"बघा, मेलं तुमचं इंजिन."

"मेलं नाही. झोपलंय." तो पुढे रस्त्याकडे बघत हळूच म्हणाला. "तिसऱ्यात नाही... दुसऱ्यात घ्या."

"गिअर तुम्ही मला शिकवणार?"

"छे, माझी काय बिशाद! पण घ्या तर."

तिनं ओठ आवळून दुसरा टाकला.

"आता दाबा. आणि थांबा."

"दाबू की थांबू?"

"दाबा... आणि वाट बघा. गाणारा वरचा सूर लावायच्या आधी श्वास घेतो ना, तेवढीच."

तिनं दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. काचेवर पाऊस, वायपरची संथ ये-जा आणि शेजारी त्याचंही थांबणं... आणि मग कुठूनसा बारीक शीळ घातल्यासारखा आवाज आला आणि गाडी अशी अलगद, अशी भरभरून वर निघाली की तिला वाटलं, पूलच खाली सरकतोय. बस मागे पडली. वर आभाळ मोकळं झालं.

"कसं झालं हे?"

"इंजिनातून बाहेर पडणारी गरम हवा असते ना, जी एरवी वाया जाते, तिच्यावर एक इवलंसं चक्र फिरतं. ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. चक्राला वेग घ्यायला जरा अवधी लागतो, बस. लोक इंजिनाचा आकार ऐकतात आणि हसून निघून जातात. जे चालवतात ते... थोड्या वेळानं हसतात."

ती हसत होती. ते त्याला दिसलं, आणि त्याला दिसलंय हे तिलाही दिसलं.

गाडी तिला आवडली होती. "विचार करून सांगते," ती म्हणाली. हो म्हटलं असतं तर कागदावर सही झाली असती, किल्ली हातात आली असती, आणि मग पुलाच्या पायथ्याशी उतरायला काही कारणच उरलं नसतं.

*

मग तिच्या शंका सुरू झाल्या. आज वळणावर कशी जाते ते बघायचं होतं, उद्या गर्दीत. एकदा तर "वायपर नीट बघायचे राहिले" म्हणून ती आली, तेही लख्ख ऊन पडलेलं असताना.

गंमत अशी की विकणाराही काही कमी नव्हता. तो गाडीचे दोषच सांगत बसायचा.

"गर्दीत ॲव्हरेज जाहिरातीतल्यासारखं मिळत नाही. सारखी थांबा-निघा केली की छोटं इंजिनही पेट्रोल पितं."

"अच्छा?"

"ऑइल वेळच्या वेळी बदलावं लागतं. सिग्नलला उभी असली की जराशी थरथरते. तुम्ही घाई करू नका. अजून एकदा येऊन बघा."

"तुमचे मॅनेजर काचेतून डोळे वटारतायत."

"त्यांना वाटतं मी माल खपवत नाही, गिऱ्हाईक परत पाठवतो."

"मग खपवा की."

त्यानं नजर काचेकडे वळवली. काचेवरचा एक थेंब वाट चुकल्यासारखा वाकडातिकडा खाली उतरत होता. दोघंही तोच बघत बसले.

घरी आत्या कांदा चिरता चिरता विचारायची, "काय गं, गाडी बघायला जातेस की गाडीवाल्याला?"

"आत्या!"

"वायपर कोण बघतं गं उन्हात?"

पण एक गोष्ट ती आत्याला सांगत नव्हती. दाबल्यावर गाडी जी क्षणभर थांबते, तो क्षण तिला स्वतःला फार गोड वाटायचा. तरी हल्ली त्या क्षणात तिला सिस्टरांचा पाय दिसायचा... लटपटणारा, घाबरून एकदम दाबणारा. तो विचार आला की ती खिडकीबाहेर बघायची. गाडी नको म्हणायचं, म्हणजे उद्यापासून त्याच्याकडे जायचं नाही. हो म्हणायचं, तरी तेच. मधे लोंबकळत राहणं हेच काय ते सुख होतं.

*

आणि मग जुन्या गाडीनंच निकाल लावला. त्याच पुलाच्या चढावर, ऐन गर्दीत, सिस्टर स्टिअरिंगवर असताना गाडीनं मान टाकली. मागे बस, रिक्षा, सगळ्यांचे भोंगे. कोणी तरी खिडकीतून ओरडलं, "घरी बसा ना आजीबाई!"

सिस्टर खाली उतरल्या आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. "बास झालं बाई. मला नाही जमणार. लायसनची परीक्षा तोंडावर आलीय आणि ही आज अशी... मी नाही परत बसणार."

तिला भरून आलं. दुसरी गाडी केव्हाच यायला हवी होती. केवळ तिच्या शंकांपायी आली नव्हती. तिनं फोन लावला. तो गर्दीतून चालतच वर आला. दोघांनी मिळून गाडी ढकलत कडेला लावली.

"उद्या सकाळी मैदानावर या," धापा टाकत तो सिस्टरना म्हणाला. "मोकळी जागा आहे, ओरडायला कोणी नाही. मी ही गाडी आणतो. तुमची परीक्षा काही बुडत नाही."

मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "आत्यांनाही आणा. आता... बघून टाकू काय ते."

*

सकाळी मैदानावर धुकं उतरलं होतं. पावसाचे बारीक तुषार होते. गाडीत पुढे सिस्टर, शेजारी तो, मागच्या सीटवर आत्या आणि ती.

सिस्टरनी हळूच ॲक्सिलरेटर दाबला. काही झालं नाही. त्या घाबरल्या, आणखी दाबला. तरीही तो क्षण संपेना. मग त्यांनी पाय खालपर्यंत नेला, क्लच सुटला... आणि गाडी उसळून पुढे झेपावली. मागच्या सीटवर तिनं सवयीनं पाय आपटला, पण तिथे ब्रेक कुठला, नुसती रबरी मॅट! त्यानं हँडब्रेक ओढला. गाडी हिसका देऊन बंद पडली.

सिस्टरनी स्टिअरिंगवरून हात काढले. मग सिस्टर पुटपुटल्या, "माझं काही चुकलं का?"

"नाही सिस्टर," ती म्हणाली. मागे बसलेल्या तिला आरशात त्याचे डोळे दिसत होते, आणि ती त्यांच्याकडे बघूनच बोलली. "तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी. ही गाडी शिकवणीला चालायची नाही. ज्याला वाट बघता येते, त्याच्यासाठी आहे ती. शिकणाऱ्याला दाबल्याबरोबर उत्तर लागतं, नाही तर तो घाबरून आणखी दाबतो."

बोलून झालं. आत्यानं तिच्या हातावर हात ठेवला.

"तुमच्याकडे साध्या इंजिनाची आहे ना?" आत्यानं त्याला विचारलं.

"आहे. बिनटर्बोची. शिकवणीला तीच बरी."

"मग तीच काढा." आत्या दार उघडून उतरली आणि पुढे येऊन म्हणाली, "सिस्टर, सरका बाजूला. आणि तुम्ही उतरा हो, टर्बो. ही जरा मी चालवून बघते."

"अगं, तुझे गुडघे —"

"क्लच बघ की, लोण्यासारखा आहे. तू पण उतर."

आणि आत्या निघाली. सुरुवातीला गाडी जरा दबकली, मग शीळ घातली आणि मैदानाच्या फाटकातून बाहेर रस्त्याला लागली. धुक्यातून सिस्टरांचं हसणं आणि आत्याचं "अगं बाई गं!" बराच वेळ ऐकू येत राहिलं.

मैदानावर दोघंच उरले.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"शिकवणीला ही चालणार नाही ते."

तो ओल्या गवताकडे बघत राहिला. "पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत? सगळे दोष सांगितलेत, एवढा एकच राखून ठेवलात!"

"तो सांगितला असता तर तुम्ही निघून गेला असता. आणि गाडी घेतली असती, तरी निघूनच गेला असता." तो थांबला. त्याच्या पापण्यांवर तुषार जमले होते. "मला काही सुचेना. म्हणून म्हणत राहिलो... अजून एकदा येऊन बघा. सिस्टर काल कठड्याशी रडल्या, तेव्हा माझी मलाच लाज वाटली."

"मलाही."

"तुम्हाला का? तुम्ही तर खरंच —"

"उन्हात वायपर बघायला आले होते मी," ती म्हणाली. "तुम्ही काय समजलात, मला वायपरचं इतकं वेड आहे?"

त्यानं मान वर केली. तिचे शब्द त्याच्यापर्यंत पोचायला जरा अवधी लागला. तिनंही त्याला घाई केली नाही.

"म्हणजे..." तो कसाबसा म्हणाला. "गाडी नको."

"गाडी नको."

"आणि?"

"आणि बाकी कशाला मी नको म्हटलेलं नाही."

तो हसला. आधी डोळ्यांनी, मग सगळ्या चेहऱ्यानं. पुढे झाला, तिच्या कपाळावर आलेली ओली बट त्यानं एका बोटानं अलगद मागे सारली आणि आपणच केलेल्या धिटाईनं दचकून हात मागे घेतला. तिनं तो हात धरला. गार होता.

फाटकाशी हॉर्न वाजला. आत्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होती, "अगं, ही सोडवत नाही गं! अजून एक फेरी मारून येते!" गाडी पुन्हा धुक्यात गेली.

"आत्यांना खपली वाटतं," तो म्हणाला.

"मॅनेजरना सांगा, गिऱ्हाईक परत पाठवलं नाहीत."

"सांगतो." तिचा हात तसाच हातात होता. "पण टेस्ट ड्राइव्ह तर संपल्या. उद्या काय निमित्त काढून येणार?"

तिनं धुक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"उद्या," ती म्हणाली, "निमित्ताशिवाय येईन."