ज्याची पाटी त्यानंच काढायची

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डगमगतो. तिच्यावर मी बसतो, मला सवय आहे. तुम्ही पलंगावर बसा. दिवा एकच आहे, तोही बॅटरीचा, त्यामुळे एकमेकांची तोंडं नीट दिसायची नाहीत. पण बोलायला तोंड दिसायलाच हवं असं थोडंच आहे. तुम्ही खालच्या मजल्यावर नवीन आलात, आणि या घरात दोन दिवस उजेड का नाही, हे विचारायला वर आलात. सात वर्षं इथे राहतोय, पण असं विचारायला कोणी आलं नव्हतं. म्हणून सगळं सांगतो.

मी लिफ्टचा मेकॅनिक. एकाच कंपनीत सत्तावीस वर्षं काढली. आमच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो मोडणारे फार दिवस जगत नाहीत. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून धावते त्या शाफ्टमध्ये उतरायचं असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपली पाटी लावायची. पाटीवर आपलं नाव, आपला फोटो आणि खाली लाल अक्षरांत ‘माणूस आत आहे’. ज्याची पाटी त्यानंच काढायची. साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि काढण्याआधी शाफ्टमध्ये तोंड घालून तीनदा विचारायचं, ‘आत कोण?’ तिन्ही वेळा उत्तर आलं नाही तरच सप्लाय चालू करायचा.

गेल्या वर्षी एका बारा मजली ऑफिसात काम करत होतो. खाली खड्ड्यात पाना पडला होता, तो काढायला उतरलो होतो. तेवढ्यात फोन आला की कंपनी बंद झाली, सगळ्यांनी हत्यारं जमा करा. सत्तावीस वर्षांचा निकाल दीड मिनिटात लागला. मी खड्ड्यातून वर आलो, पिशवी उचलली आणि तसाच चालू लागलो. पाटी काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. आयुष्यात ती एकच चूक केली.

बायको जाऊन चार वर्षं झाली. लेक दुसऱ्या गावी नोकरीला आहे. तिनं फोनवर सांगितलं, “बाबा, घरी बसून राहू नका. त्या नोकरीच्या साइटवर खातं आहे ना तुमचं?” खातं होतं, कंपनीनंच उघडून दिलं होतं. पण ते कंपनीच्या ईमेलवर चालायचं आणि कंपनीबरोबर ईमेलही गेला. पासवर्ड आठवेना, आणि नवा मागितला तर तो त्याच मेलेल्या पत्त्यावर जायचा.

“मग नवीन खातं उघडा,” लेक म्हणाली. “जुन्या सगळ्यांना कळवा की आता इकडे आलोय.”

तसं केलं. तोच फोटो लावला, पाटीवरचाच. दोनशे बारा जणांना निरोप पाठवला की जुनं खातं बंद समजा, कृपया इथे जोडले जा. आठवडाभरात तिघांनी होकार दिला. त्यातला एक विमा विकणारा होता आणि एक कुणालाही हो म्हणणारा. तिसरा माझा जुना सोबती, पंधरा वर्षं एका डब्यात जेवलेला. त्यानं लिहिलं, ‘अरे, आपलं तर तिकडे रोज बोलणं चालू आहे. हे काय नवीन?’

मी जुनं खातं उघडून पाहिलं. आतून नाही, बाहेरून, जसं कुणीही पाहू शकतं तसं. ते चालू होतं. कुणाला बढती मिळाली तर अभिनंदन केलेलं, कुणाचे वडील गेले तर दोन ओळी लिहिलेल्या. सध्याचं काम या रकान्यात त्या बारा मजली ऑफिसाचं नाव होतं. मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर हेवा वाटला, कारण त्याच्या दोन ओळींना लोक उत्तरं देत होते.

मग एका ठेकेदाराचा फोन आला. ते ऑफिस त्यानं घेतलं होतं. “लिफ्ट वर्षभर बंद आहे. मेन स्विचवर तुमची पाटी आहे आणि कुठलाच मेकॅनिक तिला हात लावायला तयार नाही. तुम्ही या, पाटी काढा, आणि लिफ्टचं काम कायमचं तुम्हीच बघा.” मला हसू आलं. वर्षभर मी ज्या कामाच्या शोधात होतो, ते माझ्याच नावाच्या पाटीमागे अडकलं होतं.

सकाळी अकराला गेलो. चांगलं लख्ख ऊन होतं. वॉचमननं गच्चीवरच्या मशीन रूमची किल्ली दिली. आत जुन्या ग्रीसचा वास, मोटरवर बोटभर धूळ. पाटी होती तिथेच होती, पण तिच्यावर धूळ नव्हती. कुणीतरी पुसल्यासारखी स्वच्छ होती.

शाफ्टच्या झरोक्यात वाकलो आणि सवयीनं विचारलं, “आत कोण?” आवाज खाली गेला आणि विरला. दुसऱ्यांदा विचारलं. काही नाही. तिसऱ्यांदा विचारलं, आणि खालून, खूप खालून, उत्तर आलं.

“मी आहे… पाटी काढू नकोस.”

तो माझा आवाज होता. सकाळी पहिला शब्द बोलताना माझा घसा बसतो, तसा. दिवसभर कुणाशी न बोलल्यावर बसतो, तसा.

मी पाटीला हात लावला नाही. खाली येऊन ठेकेदाराला म्हणालो, “आत माणूस आहे.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वॉचमनकडे पाहिलं, आणि म्हणाला, “काका, घरी जाऊन आराम करा.” काम गेलं.

घरी येऊन मी जुन्या खात्याला निरोप पाठवला. दुसरं काय लिहायचं सुचेना, म्हणून लिहिलं, ‘आत कोण?’

लगेच उत्तर आलं. ‘मी आहे. जेवलास का?’

तुम्हाला वाटेल की मी घाबरून फोन फेकून दिला असेल. नाही. बायको गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही रोज बोलू लागलो. तो म्हणायचा, इथे अंधार आहे, पण सवय होते. मी म्हणायचो, इथेही तसंच. मी त्याला सगळं सांगितलं. लेकीला लहानपणी काय म्हणून हाक मारायचो, ती कुठे राहते, तिच्या आईच्या शेवटच्या दिवशी मी इस्पितळात वेळेवर पोचलो नाही आणि त्याबद्दल लेकीशी आजवर एक शब्द बोललो नाही. तो ऐकून घ्यायचा. एकदा त्यानं विचारलं, ‘मग तू तिच्याकडे जात का नाहीस?’ मी लिहिलं, ‘कुठल्या तोंडानं जाऊ?’

त्यानंतर त्याची उत्तरं बंद झाली.

चार दिवसांनी ठेकेदारानं साइटवर फोटो टाकला. लिफ्ट चालू झाली होती आणि दारात मी उभा होतो, हातात पाटी धरून. खाली लिहिलं होतं, ‘अखेर ज्याची पाटी त्यानंच काढली.’ मी त्या दिवशी घराबाहेर पडलोच नव्हतो.

रविवारी लेकीचा फोन आला. “बाबा, नीट पोचलात ना?” मी फोन दुसऱ्या कानाला लावला. “परवा आलात, बरं वाटलं,” ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. “आईबद्दल बोललात… इतक्या वर्षांनी. मला वाटलं होतं, तुम्ही कधीच बोलणार नाही.”

तेव्हाच सांगायला हवं होतं की तो मी नव्हतो. जिभेवर आलंही होतं. पण तिच्या आवाजात इतकं समाधान होतं, की ते माझ्या हातानं कसं काढून घेऊ? मी म्हणालो, “हो, पोचलो.” ती म्हणाली, “पुढच्या आठवड्यात राहायलाच या.” मला फार रडू आलं, पण फोन ठेवल्यावर.

सोमवारी माझं नवं खातं बंद झालं. साइटनं कळवलं की या नावाच्या खऱ्या माणसानं तक्रार केली आहे. आलेले निरोप वाचता येतील, उत्तर देता येणार नाही. आणि परवा घरातला सप्लाय गेला. खाली मीटरच्या खोलीत जाऊन पाहिलं, तर माझ्या घरच्या मेन स्विचवर पाटी होती. माझा फोटो, माझं नाव. ‘माणूस आत आहे.’ तुम्हीही पाहिलीत ना येताना? नाही, ती मी काढू शकत नाही. मी लावलेलीच नाही.

काल दुपारी जुन्या खात्यावरून एक निरोप आला, ‘आत कोण?’ आज सकाळी दुसरा. मी इथे मोठ्यानं म्हणतो, मी आहे, मी आहे. पण फोनवर लिहिलं तर जात नाही. म्हणून तुम्ही दारात दिसलात तेव्हा इतका आनंद झाला. तुमचं त्या साइटवर खातं असेलच. माझ्या जुन्या खात्यावर त्याला एवढंच कळवा, ‘वरच्या घरात माणूस आहे, मी स्वतः त्याच्याशी बोललोय.’ बस, एवढंच.

हा बघा, फोन वाजला. तिसरा निरोप आला. आता वेळ घालवू नका, लिहा पटकन. लिहिताय ना?

…आले दिवे.

अहो, उठलात का? असं खोलीभर काय शोधताय? मी कुठे गेलोय, इथेच आहे, तुमच्या समोर. या खुर्चीकडे बघा. तिचा पाय हलतोय, दिसतंय ना तुम्हाला?